अंगणात गेलेली शाळा

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या इतिहासात ताराबाई मोडक यांचे नाव आदराने घेतले जाते; परंतु त्या आदरात वात्सल्याच्या गौरवाचा अंश इतका अधिक असतो, की त्यांच्या कार्यातील शास्त्र, शिस्त आणि व्यवहारचातुर्य त्याच्या आड झाकून जाते. स्त्रीने मुलांसाठी काही केले, की तिला माता म्हणून हात जोडावेत आणि तिच्या विद्येची विचारपूस करू नये, ही आपली जुनी रीत. ताराबाई माता होत्या यात शंका नाही. पण मुलांविषयीची माया उपजत असली तरी मुलांना वाढविण्याची विद्या शिकावी लागते, हेच त्यांच्या सगळ्या खटाटोपाचे सूत्र होते. गंमत अशी, की ज्यांच्यापाशी त्या ही विद्या शिकल्या त्या गिजुभाई बधेका यांनाच गुजरातेतील लोक कौतुकाने ‘मूछाळी मा’ म्हणत. मातृत्वाला मिशा फुटू शकतात, हे काठेवाडाने आपल्या आधी ओळखले होते.

ताराबाईंचा जन्म 1892 सालचा. माहेरचे केळकरांचे घर प्रार्थनासमाजी. आईचा पुनर्विवाह झालेला. तेव्हा मुलींनी शिकावे की नाही हा वाद त्या घरापुरता तरी निकालात निघालेला होता. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. विवाह होऊन अमरावतीस गेल्या, परंतु तो संसार टिकला नाही, आणि 1921 च्या सुमारास लहान मुलीसह त्यांना स्वतःचा मार्ग स्वतःच शोधावा लागला. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. त्या काळी असा हुद्दा एतद्देशीय स्त्रीला मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती, आणि दुसरी कोणी असती तर त्या जागेवर निवृत्तीपर्यंत सुखाने राहिली असती. पदरी लहान मूल असलेल्या शिक्षिकेला बालशिक्षणाचा प्रश्न केवळ ग्रंथगत वाटला नसणार. 1923 मध्ये ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात रुजू झाल्या.

गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीने त्यांना असे काही झपाटले, की वकिलीवर पाणी सोडून ते मुलांत रमले. ताराबाईंनी तेथे माँटेसोरीचे साहित्य हाताळले, गुजराती आत्मसात केली, अध्यापिकांना शिकविले, ‘शिक्षणपत्रिके’साठी लेखन केले, आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे मुंबईस परतून 1936 मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार काढला. येथवरचा वृत्तान्त एका यशस्वी नागर शिक्षणतज्ज्ञ बाईचा आहे, आणि तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते.

परंतु शिशुविहारात येणारी मुले ज्या घरांतून येत, त्या घरांत चौरस आहार होता, सदरा होता, न्हाणीघर होते. सदऱ्याला गुंडी लावण्याचा सराव देणारी माँटेसोरीची चौकट कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी ज्या मुलाच्या अंगावर सदराच नाही त्याच्यापुढे ती ठेवून काय साधणार? हा प्रश्न घेऊन वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 साली, ताराबाई तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांच्या कार्यामुळे शिक्षणाचे वारे त्या गावात आधीच शिरलेले होते. बोर्डीपासून फार लांब नसलेल्या डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत त्याच वर्षी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर जमीनदाराकडे राबावे, ही लग्नगड्याची चाल ज्या मुलखात राजरोस चालू होती, तेथे अडीच वर्षांच्या मुलाच्या इंद्रियशिक्षणाची गोष्ट बोलणे अनेकांना चैनीचे वाटले असेल. मला ते तसे वाटत नाही. ज्याचा बाप वेठीला धरला जातो, त्या मुलाला तर आपले हात, डोळे आणि जीभ आपल्या मालकीची आहेत हे कळणे अधिकच निकडीचे असते.

बोर्डीला त्यांच्या सोबत अनुताई वाघ होत्या. बालपणी लग्न, अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य, आणि त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन, असा त्यांचा पूर्वेतिहास. बालवाडी काढली, तर मुले येईनात; तेव्हा या दोघींनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली; हीच अंगणवाडी. तेथील पहिला पाठ अक्षराचा नसे. नखे काढणे, केस विंचरणे, डोळ्यांतली चिपडे पुसणे, मुलांना न्हाऊ घालणे, हाच आरंभ. मग शिंपले, गोटे, बिया, पाने-फुले यांची निवड, जुळणी, मोजणी. परदेशी लाकडी संचात रंगांच्या नि आकारांच्या ज्या श्रेणी विकत मिळत, त्या समुद्राच्या काठी आणि झाडांखाली फुकट पडलेल्या होत्या. मात्र त्या उचलून कोणत्या क्रमाने मुलापुढे ठेवाव्यात, आणि मूल गुंगले असता बाईने तोंड मिटून कसे बसावे, हे सेविकांना घोटून घोटून शिकवावे लागे. खेळाडूची पावले सुधारणारा वस्ताद जसा खेळाडूऐवजी स्वतः आखाड्यात उतरत नाही, तसा काहीसा हा प्रकार. आणि ताराबाईंची खरी कसोटी मला मुलांच्या गराड्यापेक्षा या सेविकांच्या तालमीतच लागलेली दिसते.

1957 मध्ये बोर्डीचे हे बालशिक्षण केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. तेथे नवी अडचण उभी राहिली. मोठी मुलगी शाळेत आली, तर कडेवरचे भावंड सांभाळायचे कोणी? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी विकासवाडी आली. गुरे राखणारा मुलगा येईना, म्हणून शाळा कुरणावर गेली. शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे गरिबाने आपला दिवस बदलावा, हा सरकारी खाक्या. कोसबाडला वेळापत्रकानेच हार मानली.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले; 1973 च्या ऑगस्टअखेरीस त्या निवर्तल्या. कोसबाडचा भार अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके, 1992 मधील स्वतःच्या मृत्यूपर्यंत वाहिला. दरम्यान 1975 च्या गांधीजयंतीला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभरच्या सरकारी दप्तरांत दाखल झाला. गावोगावच्या सेविकांकडे पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी अशी कामे आली, नोंदवह्या वाढल्या, आणि शिंपले-बियांना मिळणारा वेळ त्या मानाने आखडत गेला. त्या सेविका आजही ‘मानधनी’ या सदरात मोडतात, आणि आपल्या कामाला वेतनश्रेणी लावावी म्हणून अधूनमधून मुंबईला मोर्चा घेऊन येतात.