उभी बाटली, आडवी बाटली

क्षेत्र महाबळेश्वरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. प्रत्यक्ष देवाने पाण्याची एवढी सोय करून ठेवलेली असताना माणसे तिथे जाऊन आणखी काही कशाला पितात, असा आमच्या सौभाग्यवतींचा सवाल आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे. घरी इतिहासाला कोणी विचारत नाही, म्हणून ते इथे देतो.

सर जॉन माल्कम १८२७ साली मुंबईचे गव्हर्नर झाले. मुंबईचा घाम त्यांना मानवेना. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन त्यांनी बदल्यात महाबळेश्वर घेतले, आणि तिथे माल्कम पेठ वसली. पुढे उन्हाळा आला की मुंबईचे सरकार दप्तरासकट घाट चढू लागले. साहेब आला म्हणजे त्याच्यामागे बिअर आलीच. सुएझचा कालवा १८६९ चा. तोवर ती बिचारी आफ्रिकेला वळसा घालून यायची. वाटेत नासू नये म्हणून तिच्यात हॉप्सची फुले जरा सढळ हाताने घालत. आज पुण्याची तरुण मंडळी ‘आयपीए’ म्हणून जी कडू बिअर कौतुकाने मागवतात, तिच्या नावातले ‘आय’ म्हणजे आपला इंडियाच!

साहेब गेला आणि बाटलीचे ग्रह फिरले. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. गृहमंत्री होते मोरारजीभाई. मग हयगय कसली? बालसारा नावाच्या एका गृहस्थांनी कोर्टात दाद मागितली, की मला व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर आणि ओ-द-कोलोन बाळगू द्या. यादी वाचूनच मला या माणसाबद्दल आदर वाटतो. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने दारूबंदी कायम ठेवली, पण औषधे आणि अत्तरपाणी मोकळे केले. थोडक्यात, वास घ्यायला हरकत नाही, घोट घ्यायचा नाही! वाईनचे जाणकार आजही आधी नुसता वासच घेत बसतात, त्याचे मूळ या निकालात असावे असा माझा दाट संशय आहे.

ज्याच्याजवळ डॉक्टर होता त्याला प्रकृतीच्या कारणाने परमिट मिळे. ज्याच्याजवळ डॉक्टर नव्हता त्याच्यासाठी हातभट्टी होती. साठच्या दशकात, वसंतराव नाईकांच्या काळात, बंदी सैल झाली. रद्द मात्र झाली नाही. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर नोंद कोणी खोडली नाही, नुसते पान उलटले. कायद्याच्या नावात आता ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे, एवढेच. आजही प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. हॉटेलवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते ती त्याच घराण्यातली.

हा सगळा इतिहास मी गेल्या हिवाळ्यात महाबळेश्वरच्या एका हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर, तीन मित्रांना ऐकवला. एक विमा कंपनीतला, एक औषधविक्रेता आणि एक शाळामास्तर. विमावाल्याने दोन वाइन्स आणि एक बिअर मागवली होती. “प्यायची नाही, चाखायची,” अशी त्याने ताकीद दिली. लाल वाईनचा ग्लास हातात येताच मी सवयीने तो दिव्यासमोर धरला. पाचशेच्या नोटेत गांधीजी दिसतात, इथे कोणी दिसले नाही. औषधविक्रेत्याने एक घोट घेऊन “खोकल्याचं!” असे निदान केले. पांढरी वाईन नाशिकची. नारायणगावला श्याम चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाईन काढून थेट परदेशी पाठवली होती, २००० साली नाशिकला सुलाची पहिली वाईन आली, आणि २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे खास धोरण आखले, हे मी सांगितले. मोरारजीभाईंच्या राज्यात सरकारच वाईनच्या पाठीशी उभे राहिले!

“आणि बरं का,” विमावाला म्हणाला, “वाईनची बाटली नेहमी आडवी ठेवायची. बूच ओलं राहतं. उभी ठेवली की बिघडते.”

इतका वेळ मुकाट्याने बिअर चाखणारा मास्तर यावर एकदम हसला. “आमच्या जिल्ह्यात बायकांना हे कधीच कळलंय,” तो म्हणाला.

देशी दारूच्या दुकानाविरुद्ध गावात मतदान होते, तिथे एकदा त्याची ड्युटी लागली होती. मतपत्रिकेवर दोन चित्रे : उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. यात एक मेख आहे. आलेल्यांपैकी निम्म्या मतांनी भागत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. मुंबईला गेलेल्या, माहेरी असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या साऱ्या धरून. एका म्हातारीला सुनांनी खुर्चीसकट उचलून आणले. शिक्का मारल्यावर तिने मास्तरला विचारले, “बाबा, आज रात्रीपासनंच बंद हुईल न्हवं?”

टेबलावर जरा वेळ कोणी बोलले नाही. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती सगळी स्वस्तातली पिणारी होती, हे माझ्या इतिहासातून सांगायचे राहिले होते. ते तेव्हा सांगितले.

मास्तरने वेटरला विचारले, “आमचे परवाने?”

“त्याची काळजी करू नका सर, ते आम्ही बघतो,” वेटर अदबीने म्हणाला.

बिल आले. मी धंद्याच्या सवयीने दोनदा तपासले. वाईन होती, बिअर होती, मसाला पापडसुद्धा दोन होते. परवान्याचे पाच रुपये कुठेच नव्हते. आमची बाटली उभी राहायला एका वेटरची अदब पुरली. त्या गावातली आडवी करायला निम्म्याहून जास्त बायका लागल्या, आणि त्यातली एक खुर्चीवरून आली होती.