तळटीप : अमेरिकी शहरांतील परेड
येथे उल्लेखिलेली ‘परेड’ म्हणजे लष्करी कवायत नव्हे, तर नागरिकांनी शहराच्या मुख्य रस्त्यावरून काढलेली मिरवणूक होय. नव्या राज्यघटनेला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाल्यावर 4 जुलै 1788 रोजी फिलाडेल्फियात निघालेल्या मिरवणुकीत कारागीर आपापली अवजारे घेऊन चालले. लोहारांनी तर नऊ घोड्यांच्या गाड्यावर पेटती भट्टी ठेवून वाटेतच जुन्या तलवारींपासून नांगराचे फाळ घडवले, आणि युद्धाकडून शेतीकडे वळणाऱ्या प्रजासत्ताकाचे याहून बोलके प्रतीक सापडणे कठीण. मात्र या रस्त्यावर चालण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न नागरिकत्वाचाच होता. म्हणूनच न्यूयॉर्क राज्यात 4 जुलै 1827 रोजी गुलामगिरी संपुष्टात आली, तेव्हा न्यूयॉर्क शहरातील कृष्णवर्णीयांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी, 5 जुलैला काढली. यादवी युद्ध संपताच 1 मे 1865 रोजी चार्ल्स्टन येथे मुक्त कृष्णवर्णीयांनी, दक्षिणेच्या कैदेत मरण पावलेल्या उत्तरेकडील सैनिकांच्या सन्मानार्थ मिरवणूक काढली, तीत सुमारे 3,000 शाळकरी मुले फुले घेऊन अग्रभागी होती. सैनिक-स्मृतिदिनाच्या प्रचलित इतिहासात या घटनेला दीर्घकाळ स्थान मिळाले नाही, हा त्या इतिहासलेखनाचा गंभीर दोष मानला पाहिजे.