डोंगरावरचं नौदल

पावसाळ्यात भुशी डॅमच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, की मागच्या सीटवरून कुणीतरी हमखास विचारतं, "इथे नेव्ही कशाला? समुद्र कुठाय?"

मलाही बरीच वर्षं हा प्रश्न पडायचा. उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. 1939 साली रॉयल इंडियन नेव्हीत जेमतेम दोन हजार माणसं होती, युद्ध संपेपर्यंत ती पंचवीस हजारांच्या वर गेली. आता एवढ्या लोकांना इंजिनं कोण शिकवणार? म्हणून 15 फेब्रुवारी 1945 ला लोणावळ्यात एचएमआयएस शिवाजी ही इंजिनिअरिंगची शाळा सुरू झाली. 'हिज मॅजेस्टी'च्या शेपटाला शिवाजी! नाव ठेवणाऱ्याला गंमत कळली असेल का, देव जाणे. (तेव्हाचे नौदलप्रमुख गॉडफ्रे हे आधी इयान फ्लेमिंगचे साहेब. जेम्स बाँडचा 'एम' त्यांच्यावरूनच घेतला म्हणतात.)

आणि समुद्राचं म्हणाल, तर बॉयलर रूममधल्या माणसाला तो तसाही दिसत नाही. त्याचं लक्ष काचेच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीवर. पातळी फार खाली गेली तर नळ्या जळतात, फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरून पाती मोडतात. कंडेन्सरमधून खारं पाणी झिरपलं तर बॉयलरची वाट लागलीच समजा. हे सगळं डोंगरावरही शिकता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर पाठवण्याआधीचं टेस्ट एन्व्हायर्नमेंट.

पण शाळा निघाली आणि सहा महिन्यांत युद्धच संपलं. घाईघाईने भरती केलेली ही शिकलेली पोरं एकदम 'जास्तीची' झाली. लेऑफ म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत नौसैनिकांचं बंड पेटलं, तेही एचएमआयएस तलवार या सिग्नलच्या शाळेत. निकृष्ट जेवण, वरिष्ठांची शिवीगाळ, गोऱ्या खलाशांपेक्षा कमी पगार या गोष्टी आपण शाळेत वाचतो. मागण्यांच्या यादीत आणखी एक ओळ होती, ती मात्र कुणी सांगितली नव्हती: लवकर मोकळं करा आणि बाहेर धड नोकरी द्या.

23 तारखेला बंड थांबलं. पुढे कित्येकांना बडतर्फ केलं, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही.

लोणावळ्याची शाळा मात्र राहिली. 1950 साली एचएमआयएसचं आयएनएस झालं. आजही नौदलाचे इंजिनवाले तिथेच शिकतात, आणि बाहेर रस्त्यावर आपण कणीस खात ट्रॅफिक सुटायची वाट बघतो.