अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखते? ‘डी क्वेरवेन’चा त्रास समजून घ्या

बाळाला उचलताना, कपडे पिळताना किंवा बरणीचे झाकण उघडताना अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ येते का? अनेक बाळंतिणी ‘वारा लागला असेल’ किंवा ‘कॅल्शियम कमी झाले असेल’ असे समजून महिनोन्महिने हे दुखणे अंगावर काढतात. बहुतेक वेळा हाड ठणठणीत असते, दुखणे कंडरेचे असते. वेळेवर विश्रांती मिळाली तर ते बरे होते.

नेमके काय होते?

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा चिवट भाग. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच ती हालचाल वारंवार झाली की या बोगद्याचे आवरण जाड होते, जागा कमी पडते आणि कंडरा सरकताना घासली जाते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे.

कोणाला होतो?

३० ते ५० वयाच्या स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत विशेष दिसतो, कारण बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून त्याला दिवसातून कितीतरी वेळा उचलले जाते. सतत पकड आणि पीळ लागणारी कामे करणाऱ्या पुरुषांनाही होतो.

कसे ओळखायचे?

अंगठा तळहातात दुमडून त्यावर मूठ मिटा. आता मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली, तर या आजाराची शक्यता असते. जोर लावू नका. अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली असेल तरीही असेच दुखू शकते, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. एक्स-रे दर वेळी लागतोच असे नाही.

उपचार

• बाळाला उचलताना एक हात मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घाला. अंगठा बोटांना लागून आणि मनगट सरळ ठेवा.
• अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा (स्प्लिंट) साधारण ४ ते ६ आठवडे वापरा. अंगठा मोकळा सोडणारा पट्टा पुरत नाही.
• बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे शेका. जोरात चोळून मालिश करू नका.
• वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदरपण, स्तनपान, अल्सर किंवा किडनीचा आजार असेल तर आधी सांगा.
• एवढ्याने फरक न पडल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. बऱ्याच रुग्णांना त्याने आराम पडतो. मधुमेह असल्यास त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते, ती तपासत राहा.
• तरीही त्रास राहिला तर हात बधिर करून छोटी शस्त्रक्रिया करता येते.

घरच्यांसाठी

पट्टा लावलेल्या हाताने कणीक मळणे, कपडे पिळणे आणि बाळाला उचलणे तसेच चालू राहिले, तर औषधांचा फारसा उपयोग होत नाही. दूध पाजायला बाळ आईच्या हातात आणून द्या, तिच्या हाताखाली उशी ठेवा आणि ही कामे काही आठवडे वाटून घ्या. हा उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

• मनगट लाल, गरम झाले किंवा सोबत ताप आला
• पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर दुखू लागले
• बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा वाटतो किंवा हातातून वस्तू निसटतात
• अनेक सांधे सुजतात आणि सकाळी तासभर आखडलेले राहतात

यांपैकी काही नसले, तरी दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही दुखणे कमी झाले नाही तर तपासणी करून घ्या.