काळ्या पाण्यावरील एक वास्तुशिल्पी

'काळे पाणी' म्हटले की आपणांस अंदमान आठवते. परंतु इंग्रजांनी आपल्या देशबांधवांसाठीही असेच एक काळे पाणी निर्माण केले होते, याचा सहसा विसर पडतो. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यांतील बहुतेक गरीब, भुरटे चोर. फ्रान्सिस ग्रीनवे मात्र ब्रिस्टलचा कसलेला वास्तुशिल्पी. दिवाळे निघाल्यावर त्याने एका बांधकामाच्या करारनाम्यात बनावट मजकूर घातला. त्या काळी या अपराधास देहान्त शिक्षा असे. १८१२ साली ती त्याला सुनावली गेली. पुढे ती चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली आणि १८१४ च्या फेब्रुवारीत तो सिडनीस उतरला. (१९६६ पासून १९९३ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर एका बाजूस याच गृहस्थाचे चित्र होते. नोटा छापणाऱ्यांस त्यातील विनोद जाणवला असेल काय?)

तेथील गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी. तरुणपणी तो पलटणीबरोबर मुंबईस होता. त्याच्या पहिल्या पत्नीचे दफनही मुंबईतच झाले. शिक्षा भोगलेल्या मनुष्यास समाजात पुन्हा पूर्वीचे स्थान मिळावे, असा त्याचा आग्रह असे, आणि त्यापायी वसाहतीतील प्रतिष्ठितांचा रोष त्याने ओढवून घेतला. त्याने ग्रीनवेस एका तयार नकाशाची नक्कल करावयास सांगितले. असल्या नकलेत कलेची शोभा नाही, अशा आशयाचे उत्तर या कैद्याने गव्हर्नरास धाडले! मॅक्वारी संतापला, पण माणसाची पारख त्याला होती. १८१६ साली त्याने ग्रीनवेस सरकारी वास्तुशिल्पी नेमले.

बंदराच्या मुखावरील दीपगृह हे पहिले मोठे काम. वापरलेला दगड मऊ आहे, असे ग्रीनवेने आधीच बजावले होते. १८८३ मध्ये ते दीपगृह नव्याने बांधावे लागले. पुढे हाइड पार्कची बराक झाली. कैद्याने आखली, कैद्यांनी बांधली आणि सुमारे सहाशे कैद्यांसाठी उघडली. तीन मजली साध्या विटांची ही इमारत केवळ प्रमाणबद्धतेच्या बळावर डोळ्यांस सुखविते. माझ्या मते त्याच्या कामांत हीच श्रेष्ठ. १८१९ मध्ये त्याला पूर्ण माफी मिळाली.

परंतु स्वभावास माफी कोठली? ठेकेदारांशी तंटे, सरकारकडे अवाच्या सव्वा मेहनतान्याची मागणी. मॅक्वारी स्वदेशी परतताच १८२२ मध्ये ग्रीनवेस बडतर्फ करण्यात आले. सरकारी घर मात्र त्याने सोडले नाही. मालकी दाखविण्यास त्याने जो कागद पुढे केला, तोही बनावटच असावा. १८३७ साली तो वारला. ईस्ट मेटलंडच्या दफनभूमीत त्याला पुरले. इतक्या इमारती उभारणाऱ्याच्या थडग्यावर खुणेचा दगडही नाही.