‘परत येईन’ म्हणाला होता



मालिकेतली एखादी बाई अचानक ‘गावी गेली’ किंवा ‘परदेशी गेली’ की आपल्याला लगेच कळतं, ती नटी मालिका सोडून गेली. चार दिवस तिचं नाव निघतं, मग घरातलं कुणी तिची आठवणही काढत नाही. आपण मात्र विसरत नाही. धान्य निवडताना, पाण्याच्या रांगेत आपण विचारतोच, ‘तिचं पुढे काय झालं गं?’

आज हाच प्रश्न घेऊन आम्ही तुम्हाला इंग्लंडला नेणार आहोत. तिथे ‘डॉक्टर हू’ नावाची एक मालिका आहे. ती सुरू झाली 23 नोव्हेंबर 1963 या दिवशी, बीबीसीवर, शनिवारी संध्याकाळी. विज्ञानाची, कल्पनेतली गोष्ट. डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा माणूस. त्याच्याकडे एक निळी लाकडी खोली, तिकडे रस्त्यावर पोलिसांना फोन करायला असायची तशी. बाहेरून कपाटाएवढी, आत वाड्यासारखी. तिच्यात बसून तो काळाच्या मागेपुढे कुठेही जातो, आणि बरोबर कुणीतरी सोबती घेतो. बहुतेक वेळा तरुण मुलगी.

ही मालिका उभी करणारी निर्माती एक बाई होती, व्हेरिटी लॅम्बर्ट. तेव्हा ती जेमतेम 27 वर्षांची होती आणि बीबीसीच्या नाटक विभागात दुसरी बाई निर्माती नव्हती. पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, वय 24, जन्म लखनौचा. त्याची आई अतिया हुसेन नावाजलेली लेखिका. ती लंडनला बीबीसी रेडिओच्या पूर्वेकडच्या सेवेवर बायकांसाठी कार्यक्रम करायची. म्हणजे रेडिओवर बायकांशी बोलणाऱ्या एका बाईच्या लेकाने ही मालिका सुरू करून दिली. आम्हाला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, म्हणून सांगितलं.

तीन वर्षांनी डॉक्टरचं काम करणारे नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली. आपल्याकडे नट बदलला की खाली पट्टी येते आणि आपण दोन दिवस कुरकुरून गप्प बसतो. तिकडच्या लेखकांनी युक्ती काढली: डॉक्टर मरणाला टेकला की त्याचं अख्खं शरीर बदलतं, चेहरा नवा, माणूस तोच. त्यामुळे मालिका संपायलाच नको. 2017 मध्ये जोडी व्हिटेकर या बाईची डॉक्टर म्हणून निवड झाली, तीही याच सोयीमुळे. पण ही सोय डॉक्टरला होती. बहुतेक सोबतिणींना नव्हती. त्यातल्या बऱ्याचशा साध्या माणसं. डॉक्टर त्यांना कुठेतरी उतरवायचा आणि पुढे जायचा.

पहिली उतरवली गेली ती त्याची स्वतःची नात, सुझन. 1964 च्या डिसेंबरात. उद्ध्वस्त झालेल्या पृथ्वीवर तिचं एका तरुणावर मन बसलेलं असतं, पण म्हाताऱ्या आजोबाला सोडून राहायचं तिच्याने होत नाही. मग आजोबाच ठरवतो. निळ्या खोलीचं दार आतून बंद करतो, आतूनच तिच्याशी बोलतो, एक दिवस परत येईन म्हणतो, आणि निघून जातो. नात बाहेर उभी. तिला विचारलं कुणीच नाही. सुझनचं काम करणारी कॅरोल ॲन फोर्ड मालिकेतून निघाली, कारण तिला करायला फारसं काही उरलंच नव्हतं. घाबरायचं आणि किंचाळायचं, एवढंच वाट्याला येतं, असं तिने पुढे मुलाखतींतून सांगितलं.

मालिका पाहणाऱ्यांनी मात्र ते ‘परत येईन’ जपून ठेवलं. या लोकांचं जपणं साधं नव्हतं. त्या काळात बीबीसी जुन्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम भरायची. नव्वदहून जास्त भागांचं चित्र असं कायमचं गेलं. पण आवाज गेला नाही. घरोघरी काही जण टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून दर शनिवारी आवाज भरून घेत होते. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकायला मिळतो तो या प्रेक्षकांमुळे. चित्र नसताना नुसत्या आवाजावर गोष्ट जिवंत राहते, हे रेडिओ ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता सारा जेन स्मिथची गोष्ट. ही आम्हाला सगळ्यात जवळची, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सारा जेन वार्ताहर होती. 1973 ते 1976 ती डॉक्टरबरोबर हिंडली. हे काम एलिझाबेथ स्लेडन या नटीने केलं. 1976 च्या ऑक्टोबरात डॉक्टरला त्याच्या ग्रहावरून बोलावणं येतं. तिथे माणसांना बंदी. तो तिला तिच्या घराजवळ सोडतो, निदान त्याला तरी तसं वाटतं. ती उतरते, पाहते, तर गाव भलतंच. हातात तिचं गाठोडं, आणि निळी खोली दिसेनाशी झालेली. प्रेक्षक हसले आणि रडलेही.

पुढे 1989 मध्ये मालिका बंद पडली. मधे 1996 मध्ये एक चित्रपट आला आणि गेला. 2005 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. सुरू करणारा रसेल टी. डेव्हिस स्वतः लहानपणापासूनचा प्रेक्षक होता. दुसऱ्या वर्षी डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट हाही तसाच, पोरवयापासून या मालिकेचा वेडा. म्हणजे ज्यांना ‘तिचं काय झालं?’ हा प्रश्न पडला होता, तेच आता उत्तर द्यायच्या जागेवर बसले.

29 एप्रिल 2006 च्या भागात सारा जेन परत आली. एलिझाबेथ तेव्हा 60 वर्षांची होती. एका शाळेत काहीतरी काळंबेरं चाललंय म्हणून ती वार्ताहर या नात्याने तिथे शोध घेत असते. अंधाऱ्या खोलीत तिला ती निळी पेटी दिसते. मागे वळते तर समोर एक परका तरुण उभा. पण पेटी पाहिली की चेहऱ्याची गरज उरत नाही.

इथे लेखकाला आनंदाची गळाभेट दाखवून मोकळं होता आलं असतं. तसं केलं नाही. सारा जेन जाब विचारते. मी वाट पाहिली, तू मेलास असं समजले, तू परत का आला नाहीस? शिवाय तू मला घराजवळ सोडलंच नव्हतंस, पार भलतीकडे सोडलंस! डॉक्टरबरोबर आता रोझ नावाची तरुण मुलगी असते. ती आधी जळते. मग तिला कळतं, की आपण पहिल्या नाही, रांगेत आहोत, आणि एक दिवस आपल्यालाही असंच उतरवलं जाईल. दोघी भांडता भांडता डॉक्टरच्या खोडी आठवून हसायला लागतात. सासूच्या तक्रारी सांगता सांगता दोन जावा हसतात ना, अगदी तसं. शेवटी डॉक्टर तिला पुन्हा चल म्हणतो. ती नको म्हणते. एकच मागणं मागते: मागच्या वेळी निरोप घेतला नव्हतास, या वेळी घे.

तिकडच्या प्रेक्षकांवर या भागाने केवढी मोहिनी घातली! तीस वर्षांपूर्वी पोरं असलेले लोक आता आपल्या पोरांना मांडीवर घेऊन पाहत होते. पोरांना सारा जेन नवी होती, तरी आवडली. इतकी, की 2007 पासून तिच्या नावाची वेगळी मालिका मुलांच्या वाहिनीवर सुरू झाली. साठीची बाई मुलांच्या मालिकेत नायिका, आणि आजी म्हणून स्वेटर विणत बसलेली नव्हे, तर संकटात पुढे होणारी, एक मुलगा दत्तक घेतलेली, एकटीने घर चालवणारी. शेजारी राहणारी रानी चंद्रा ही भारतीय वंशाच्या घरातली पोर तिच्यासारखंच वार्ताहर व्हायचं म्हणते.

या मालिकेत 2010 मध्ये आणखी एक जुनी सोबतीण आली, जो. ती 1973 मध्ये लग्न करून ॲमेझॉनच्या जंगलाकडे गेली होती. आता सात मुलं, डझनभर नातवंडं, आणि अजून जगभर आंदोलनं करत फिरते. गोष्टीच्या शेवटी सारा जेन सांगते, की मी बाकीच्यांचाही शोध घेतला. अमकी ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी लढते, तमके दोघे भारतात अनाथाश्रम चालवतात. दोन-तीन मिनिटांची बोलाचाली. पण ज्यांनी या बायांची नावं चाळीस-पन्नास वर्षं मनात ठेवली होती, त्यांना वाटलं, कुणीतरी आपल्या माणसांची खुशाली कळवली.

19 एप्रिल 2011 ला एलिझाबेथ स्लेडन कर्करोगाने गेली. 65 वर्षांची होती. मालिका अर्धवट राहिली. चार दिवसांनी मुलांच्या वाहिनीने तिच्या आठवणींचा खास कार्यक्रम दाखवला.

जुनं माणूस परत आणलं की सगळे खूश होतात, असं मात्र नाही. डोनाचं पाहा. लंडनची, ऑफिसांतून हंगामी कामं करणारी, आईची बोलणी खाणारी बाई. डॉक्टरबरोबर राहून ती जगाला वाचवण्याइतकी मोठी होते. आणि 2008 मध्ये तो तिची सगळी आठवण पुसून टाकतो, कारण त्याचं ज्ञान तिच्या डोक्यात राहिलं तर ती मरेल. ती नको नको म्हणत रडते, तरी पुसतो. यावर प्रेक्षक वर्षानुवर्षं भांडले. काही म्हणाले, जीव वाचला ना? काही म्हणाले, जीव तिचा, आठवण तिची, तिला विचारल्याशिवाय हा कोण ठरवणार? आमचं मत दुसऱ्या बाजूला आहे. तुमच्या भल्यासाठीच, असं म्हणून न विचारता केलेल्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत.

भांडण लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलं असावं. 2015 मध्ये डॉक्टर दुसऱ्या एका सोबतिणीची आठवण पुसायला निघतो, तेव्हा ती ठणकावून सांगते, माझा भूतकाळ माझा आहे. आणि 2023 मध्ये, मालिकेला साठ वर्षं होताना, डोना परत आली. तिला सगळं आठवतं, ती मरत नाही. अंगातली जादा शक्ती ती आणि तिची पारलिंगी मुलगी आपणहून सोडून देतात. मुलीच्या पात्रावरून काहींनी बीबीसीकडे तक्रारी केल्या, बीबीसीने त्या मानल्या नाहीत. पुढच्या भागांत तर डॉक्टरच डोनाच्या घरी राहतो. अंगणात टेबल मांडून सगळे जेवायला बसतात. साठ वर्षं बायका त्याच्या खोलीत राहत होत्या, आता तो एका बाईच्या घरात.

त्याच्या वर्षभर आधीचा एक प्रसंग सांगायलाच हवा. 23 ऑक्टोबर 2022 च्या भागाच्या शेवटी डॉक्टरपासून सुटलेले जुने सोबती खुर्च्या गोल मांडून बसलेले दिसतात. आपल्या बचत गटाच्या बैठकीसारखे. जो आहे, ऑस्ट्रेलियावाली टेगन आहे, एस आहे, आणि इयन आहे, अगदी पहिल्या भागातला मास्तर. नट विल्यम रसेल तेव्हा 97 वर्षांचे होते आणि त्या भूमिकेत 57 वर्षांनी परत आले होते. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. कुणीतरी डॉक्टरबद्दल बोलताना ‘ती’ म्हणतं. इयन चमकून विचारतो, ‘ती’? बाकीचे हसतात. बाहेर ज्यांना सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही, असं काही सोसलेल्या माणसांनी एकत्र बसून बोलायचं, एवढंच तिथे चाललेलं असतं. कित्येक प्रेक्षकांनी लिहिलं, की भागातल्या सगळ्या धामधुमीपेक्षा हा छोटा प्रसंग लक्षात राहिला.

तरी एक गट म्हणतो, की हे सगळं शिळ्या कढीला ऊत आहे. नव्या पोरांना ही जुनी नावं कळत नाहीत, आणि गोष्ट पुढे सरकत नाही. त्यांचंही अगदी खोटं नाही. नुसता चेहरा दाखवायला माणूस आणलं, तर ते तोरणासारखं दारात लटकतं. सारा जेनचं तसं झालं नाही, कारण ती हिशेब मागायला आली होती.

2025 च्या मे महिन्यात हेच पुन्हा दिसलं. सुझन आली. कॅरोल ॲन फोर्ड, वय 84. आजोबाला भास होतो आणि नात समोर दिसते, मला शोध म्हणते. जुने प्रेक्षक हरखले, नव्यांना त्यांनी 1964 ची गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा क्षणभर दिसली. 31 मे रोजी त्या वर्षीचा शेवटचा भाग लागला, आणि त्यात तिचं नाव पुढे गेलंच नाही. शेवटी डॉक्टरचं शरीर बदललं आणि तिथे रोझचं काम करणारी नटी बिली पायपर उभी राहिली. काही खूश झाले, काही चिडले. सुझनसाठी थांबलेल्या कितीतरी जणांनी मात्र तेवढंच विचारलं, की तिला भेटायला तो गेला का? त्या भागापर्यंत तरी तो गेला नव्हता.