नसूहची आग
मुलींना शिकवायचे, तर हाती पुस्तक कोणते द्यायचे? डेप्युटी नझीर अहमद यांना हा प्रश्न स्वतःच्या घरातच पडला होता. मनाजोगते काही मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिले. ‘मिरातुल-उरूस’ १८६९ सालचे.

उपदेशाची पुस्तके तेव्हाही काही कमी नव्हती. इथे मात्र दिल्लीतल्या दोन बहिणी भेटतात. अकबरी भांडकुदळ, एका हज्जनच्या गोड बोलण्याला भुलून दागिने घालवून बसते. धाकटी असगरी हिशेबी, सासरचे विस्कटलेले घर सावरणारी, पुढे मोहल्ल्यातल्या मुलींना घरीच शिकवणारी. वाचणाऱ्या मुलीने अशी बाई कधी पाहिलीही नसेल. पण गोष्टीत भेटली की तसे होता येते, हे तिला कळते. सरकारने या पुस्तकाला एक हजार रुपयांचे इनाम दिले.

मला खटकते ते पुढचे. ‘तौबतुन-नसूह’मध्ये कॉलऱ्याने अंथरुणाला खिळलेला नसूह स्वप्नात मेलेल्या बापाला अल्लाहच्या दरबारात पाहतो आणि बदलतो. म्हणजे त्याला शिकवते तीही कल्पनाच. आणि हाच नसूह आपल्या शायर मुलाची, कलीमची, पुस्तके जाळतो! इश्काच्या शायरीने कौम बिघडली, असे त्या काळच्या अनेक सुधारकांना वाटे. नझीर अहमद यांचा कल बापाकडेच आहे. तरी माझ्या लक्षात राहतो तो कलीम.

उतारवयात नझीर अहमद यांनी ‘उम्महातुल-उम्मा’ लिहिले. त्यातल्या बोलीभाषेवरून गदारोळ झाला आणि दिल्लीत त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या.